भिंतीतली केबल

सिमरोल,
२४ फेब्रुवारी १९९४

प्रिय दादा,

दौलतरावांच्या छतावरची छत्री सध्या उत्तम चालते आहे. आधी हीच बातमी देते, कारण मागच्या महिन्यात निघताना फाटकाशी स्कूटर सुरू करून तू मला एवढंच विचारलं होतंस, ‘आता पिक्चर साफ येतंय ना, इंदू?’ साफ येतंय. सगळे चॅनेल येतात. माणसांच्या चेहऱ्यावर मुंग्या धावत नाहीत, आवाज फाटत नाही. तुझ्या बहिणीच्या सासरी टीव्हीची काही तक्रार उरलेली नाही, तेव्हा त्या बाबतीत अगदी निर्धास्त राहा. वरचं गावाचं नाव वाचून तू चमकला असशील. इंदू तर देवासला मावससासूकडे हवापालटाला गेलीय, मग सिमरोलहून कसं काय लिहिते? मी देवासला गेलेच नव्हते. तसं माझ्या सासूबाईंनी तुला सांगितलं आणि तू ‘बरं झालं’ म्हणालास. किती दिवसांसाठी, कुणाबरोबर, तब्येतीला काय झालं, यातलं काहीही विचारावंसं तुला वाटलं नाही. हे पत्र बसून शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून काहीतरी खोलून बसायची तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून सांगते.

ती छत्री दोन वर्षांपूर्वी तूच बसवलीस. इंदूरला मल्हारगंजात आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडेच नव्हती. माझे सासरे दौलतराव धंद्यानं ट्रकवाले, पण बोलायला लागले की अजून सरदार. ‘बाहेरचा मेकॅनिक कशाला? सुनेचा भाऊ महूला छावणीत सिग्नलच्या वर्कशॉपमध्ये आहे की,’ असं म्हणून त्यांनी तुला बोलावलं. त्यांच्याच ट्रकमधून जाळीचे तुकडे आले, तू ते छतावर जोडलेस, होकायंत्र घेऊन दिशा धरलीस आणि गल्लीतली माणसं माना वर करून बघत राहिली. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला होता. त्या घरात माझ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी आदरानं हाक मारत होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा तू हॉलमध्ये, काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या तलवारीशेजारी, टीव्हीच्या मागे वाकला होतास. दौलतराव म्हणाले, ‘काय शरदचंद्र, तुमचे पणजोबा आमच्या पागेत घोड्यांना चंदी घालायचे, आणि आज तुम्ही आम्हाला दुनिया दाखवणार!’ सगळे हसले. तूही हसलास, आणि सगळ्यांच्या आधी हसलास. तेव्हा मला ते नुसतं खटकलं. त्यातून पुढं काय निघणार आहे ते तेव्हाच कळायला हवं होतं.

तार दिसता कामा नये, असं दौलतरावांचं म्हणणं होतं. हॉलच्या भिंतीवरून काळी केबल लोंबलेली त्यांना चालणार नव्हती. म्हणून तू ती मागच्या भिंतीवरून खाली सोडलीस, सामानाच्या खोलीच्या झरोक्यातून आत घेतलीस आणि खोलीच्या भिंतीला भोक पाडून हॉलमध्ये काढलीस. तू भोक पाडत होतास आणि मी बॅटरी धरून उभी होते. माझ्या केसांत विटेचा लाल भुगा पडला म्हणून तू मला चिडवलंस. गव्हाची पोती, लोणच्याच्या बरण्या, लग्नाकार्यातली तांब्याची पातेली, एवढं त्या खोलीत होतं. जमिनीवर माणूस आडवा होईल एवढीसुद्धा जागा नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय. ती खोली तू आधी पाहिली होतीस, तिच्या भिंतीपलीकडे काय आहे ते तुला माहीत होतं, हे विसरू नकोस.

तुझ्या हाताला देवानं काय दिलंय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबांचा रेडिओ बंद पडायचा तेव्हा आपण दोघं महूच्या क्वार्टरच्या ओट्यावर तो उलटा करून बसायचो आणि धाकटी अंबिका त्याची बटणं तोंडात घालायची. बाबा आतून ओरडायचे, ‘आधी तार बघा रे, मग यंत्र!’ बाबा गेले, मग आई गेली, तेव्हाही अंबिकेचा आणि माझा हात धरून तूच पुढं होतास. माझ्या लग्नाच्या दिवशी तू मांडवातल्या बिघडलेल्या माइकशी झटत होतास आणि डोळे पुसत होतास. तो माणूस कुठं गेला, हे मी गेले कितीतरी दिवस स्वतःला विचारतेय. आता स्वतःला विचारून पुरे झालं. आता तुला विचारते.

गेल्या मे महिन्यातल्या आंधीत छत्री फिरली आणि तू परत आलास. तू वर बोल्ट सैल करून छत्री बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत होतास, माझा दीर उदयसिंह हॉलमधून ‘आली! गेली! अबे, फिर गई!’ म्हणून ओरडत होता आणि मी जिन्यात उभी राहून ते तुला वर सांगत होते. थोड्या वेळानं उदयसिंह कंटाळून निघून गेला. मग मी वर आले. त्या आधी दोन महिने माझं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं. तुला माहीत होतं, प्रेमलतावहिनी डिंकाचे लाडू घेऊन येऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, ‘दादा, मला थोडे दिवस घेऊन चल. इथं मला बरं वाटत नाही.’ तू तोंडातला बोल्ट काढलास, माझ्याकडे न बघता तो जागेवर बसवलास आणि म्हणालास, ‘होतं गं असं कधीकधी. बघतो, विचारतो त्यांना.’ आणि विचारलंस कुठं? भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, चहा पीत. दौलतराव म्हणाले, ‘का हो, आमच्याकडे काय कमी आहे?’ मालोजी म्हणाला, ‘जाऊन राहणार कुठं? दोन खोल्यांच्या क्वार्टरात?’ पुन्हा सगळे हसले आणि पुन्हा तू हसलास. तुझी स्कूटर कोपऱ्यावरून वळली नसेल, तोवर मालोजीनं मला विचारायला सुरुवात केली की, वर छतावर भावाच्या कानात काय ओतलंस. मी काहीही सांगितलेलं नाही हे त्याला पटेपर्यंत माझ्या उजव्या कानाचं जे व्हायचं ते झालं. त्या कानाला आता नीट ऐकू येत नाही. नवऱ्याचं नाव घेऊन एकेरीत लिहितेय. खटकलं तर खटकू दे.

बाईडॉक्टरांनी मला पोट पडलं तेव्हाच सांगितलं होतं की, पुढच्या वेळेआधी दोघांचीही तपासणी करून घ्या. मी ते मनात ठेवलं होतं. दसऱ्याला सासूबाईंची देवासची बहीण जेवायला आली आणि पंगतीत म्हणाली, ‘द्वारके, मालोजीसाठी दुसरी बघ आता. किती वाट बघायची?’ मी तूप वाढत होते. मी म्हटलं, ‘डॉक्टरांनी यांचीही तपासणी सांगितलीय.’ दादा, बस एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. भरलेलं ताट माझ्या अंगावरून गेलं. दुसऱ्या दिवशी गव्हाची पोती मागच्या पडवीत गेली आणि माझी गादी सामानाच्या खोलीत आली. आठवड्याभरात सुतार येऊन दाराला कडी बसवून गेला. आतून कडी नव्हतीच, ही बाहेरून. मला झोपेत चालायची सवय लागलीय, असं गल्लीत सांगण्यात आलं. हॉलमधल्या फोनच्या डायलला कुलूप लागलं, तेही माझ्याचसाठी. सकाळी स्वयंपाकाला कडी निघायची, सगळं आवरलं की परत लागायची. भाऊबीजेला तू आलास तेव्हा मी जरीची साडी नेसून तुला ओवाळलं, सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या. तू म्हणालास, ‘इंदू वाळलीस गं.’ सासूबाई म्हणाल्या, ‘उपास फार करते ती.’ आणि तू बासुंदीची दुसरी वाटी घेतलीस.

जानेवारीत टीव्ही बंद पडला. कुठलंच चॅनेल नाही, नुसता पांढरा पाऊस आणि खरखर. मालोजीनं पोलोग्राउंडकडच्या एका मेकॅनिकला आणलं. तो दोनदा छतावर चढला, छत्रीच्या मध्यावर ती डबी असते ना, सिग्नल पकडणारी, तिच्यावर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, ‘भिया, ऊपर की डिब्बी उड़ गई. दिल्ली से नई मँगानी पड़ेगी.’ दौलतराव म्हणाले, आधी आमच्या शरदचंद्रांना दाखवू. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. ते शब्द ऐकले आणि तव्यावरची पोळी मी करपू दिली. कारण माझा सगळा भरवसा त्या एका वाक्यावर होता.

आणि तू आलास. रविवारी सकाळी, ती खाकी पिशवी खांद्याला लावून. रिसीव्हर तपासलास, तो ठीक होता. वर जाऊन केबलच्या टोकाला मीटर लावलास आणि खाली येऊन म्हणालास, ‘डबीला काही झालेलं नाही. इथून निघालेली वीज वर पोचतच नाहीये. मधे कुठंतरी तार तुटलीय.’ माझ्या मनात आलं, बाबा असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती. तू सामानाच्या खोलीकडे निघालास तशा सासूबाई लगबगीनं पुढं झाल्या, पण तुला अडवणार कसं? त्यांचा टीव्ही होता ना. तू दार ढकललंस तेव्हा तुझा हात त्या कडीवर पडला. नवी, पितळेची, बाहेरून लावलेली. तू थांबलास. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, तू नक्की थांबलास. आत माझी गादी होती, दोरीवर माझ्या साड्या होत्या, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या आणि झाकण घातलेली बादली होती. ती बादली कशासाठी, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तू विचारलंस, ‘इथं कोण झोपतं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘इंदू झोपते हो. टीव्हीच्या आवाजानं तिचं डोकं दुखतं, म्हणून म्हटलं इकडे जरा शांत.’

दादा, टीव्ही त्याच भिंतीच्या पलीकडे आहे! तू स्वतः ते भोक पाडलंस! त्या घरात टीव्हीचा आवाज सगळ्यात जास्त कुठं येत असेल तर तो माझ्या उशाशी येतो. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं तर मी समजू शकले असते. तुला तर पुरावा लागत नव्हता, तूच ती जागा मोजली होतीस. मी वाट बघत उभी होते, की आता तू म्हणशील, ‘आईसाहेब, टीव्ही तर इथंच मागे आहे.’ एवढं एक वाक्य. तू ‘अच्छा’ म्हणालास आणि गादीवर गुडघे टेकून भोकातली केबल ओढायला लागलास.

केबल मी कापली होती. तुला हे लिहून सांगायची गरज नाही, तुला त्याच क्षणी कळलं. मालोजीच्या दाढीच्या पेटीतलं जुनं पातं मी पदरात लपवून आणलं होतं. केबल भिंतीतून जेवढी येईल तेवढी ओढून घेतली, कापली आणि दोन्ही टोकं परत आत सारली, म्हणजे बाहेरून कुणाला दिसू नये. त्या मेकॅनिकला दिसलं नाही. तुला दिसणार याची मला खात्री होती. तुला बोलावण्यासाठी माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता, फोनला कुलूप होतं आणि माझ्या नावानं आलेली-गेलेली पत्रं दौलतराव वाचायचे. पातंही मी त्याच भोकात ठेवलं होतं. केबलबरोबर तेही बाहेर आलं आणि माझ्या उशीवर पडलं. तू ते उचललंस, उलटसुलट करून बघितलंस. मग मान वळवून माझ्याकडे बघितलंस. आपली नजरानजर झाली, दादा. नाही म्हणू नकोस. मग तू ते पातं शर्टाच्या खिशात टाकलंस आणि बाहेर बघत मोठ्यानं म्हणालास, ‘उंदरानं कुरतडलीय. सामानाच्या खोलीत उंदीर असायचेच.’

त्या वेळी मला वाटलं, माझा दादा किती हुशार! मला वाचवलं त्यानं. इथं काही बोलला असता तर तमाशा झाला असता, आता गुपचूप महूला जाईल, वहिनींना घेऊन येईल, चार मोठी माणसं घेऊन येईल. तू जोड दिलास, कथिलाचा डाग दिलास, काळी पट्टी गुंडाळलीस. दाल-बाफले जेवलास, सासूबाईंनी तुपात बुडवून वाढलेले. दौलतराव तुझ्या खांद्यावर हात टाकून तुला अंगणात घेऊन गेले आणि तुम्ही दोघं बराच वेळ लिंबाखाली बोलत उभे राहिलात. मला वाटलं, तू माझ्याबद्दल बोलतोयस. फाटकाशी तू माझ्याकडे वळलास तेव्हा मला वाटलं, आता हळूच काहीतरी सांगेल. आणि तू पिक्चर साफ येतंय का, ते विचारलंस.

बहिणीला बाहेरून कडी लावून कोंडतात आणि तिच्या उशाशी दाढीचं पातं सापडतं, तेव्हा एखाद्या भावाच्या मनात काय यावं? मी त्यानं स्वतःचं काही करून घेईन, एवढंसुद्धा तुझ्या मनात आलं नाही? की आलं, म्हणून ते खिशात टाकलंस आणि काम झालं असं समजलास? मला खरंच जाणून घ्यायचंय. मी रोज वाट बघत होते. गल्लीत कुठलीही स्कूटर आली की मी डावा कान दाराला लावायची.

मग एक दिवस शेवया वळताना सासूबाई अगदी खुशीत म्हणाल्या, ‘अंबिकेचं उदयसिंहाशी नक्की झालं बरं का. तार दुरुस्त केली ना तुझ्या दादानं, त्याच दिवशी बोलणं झालं. काही घेणं नाही, देणं नाही, नारळ आणि मुलगी. आता तुला सोबत होईल.’ लिंबाखाली तुम्ही काय बोलत होतात ते मला तेव्हा कळलं. ती कडी तुझ्या हाताला लागल्यावर पुरता तासही झाला नव्हता, दादा. तुझ्या खिशात ते पातं होतं. आणि तू आपल्या अंबिकेला त्याच घरात द्यायला हो म्हणालास! मी शेवयांचा पाट तसाच टाकून उठले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘बघ, आनंदानं हिला काही सुचेना.’

मी त्या घरातून दिवसाढवळ्या चालत बाहेर पडले. रविवारी दुपारी नव्या हिंदी चॅनेलवर पिक्चर होतं. आसपासच्या बायका, पोरी, सगळ्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसल्या होत्या. एवढ्या लोकांचा चहा करायला मला बाहेर काढलं होतं, आणि पाहुण्यांसमोर परत कोंडता येईना. पिक्चर संपलं, बायका एकदम उठल्या, दारात चपलांचा ढीग होता. माझ्या चपला सासूबाईंनी केव्हाच कपाटात ठेवल्या होत्या. मी पायाला बसतील त्या कुणाच्या तरी चपला घातल्या आणि त्या बायकांबरोबर बोलत बोलत फाटकाबाहेर पडले. मालोजी ओट्यावर पान लावत होता, त्यानं मान वर केली नाही. नवलख्याच्या बसस्टँडपर्यंत टेम्पोनं आणि पुढं इथं सिमरोलपर्यंत खंडव्याकडच्या बसनं. भाऊबीजेची तुझी ओवाळणी पदराच्या गाठीत होती, ती तिकिटाला कामी आली. कॉलेजातली माझी शारदा आठवते? ती इथं शाळेत शिकवते, दोन खोल्यांत एकटी राहते. मी दारात उभी राहिले तर तिनं आधी पाणी तापवलं आणि मग विचारलं, काय झालं. दुसऱ्या दिवशी तिनं मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तुझ्या बहिणीसाठी जे तू करायचं ते तिनं केलं, आणि माझी ती कोण लागते?

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. मी तुला परत आणलं असतं तर अंबिकेला कुणी केलं असतं? सरदारांशी वाकडं घेऊन आपण इंदूरात राहणार कसे? आधी एकीचं लग्न होऊ दे, मग दुसरीचं बघू. असलं काहीतरी तू त्या लिंबाखाली मनाशी जुळवलं असशील, आणि तुला ते शहाणपणाचं वाटलं असेल. उदयसिंह मालोजीसारखा नाही, हेही म्हणशील. मला कडी लागायची तेव्हा ती बऱ्याचदा उदयसिंह लावायचा. ‘वहिनी, गुड नाइट’ म्हणून लावायचा. हे तुला आजवर माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. बाकी सगळं तुला माहीत होतं. मी तुला माफ केलेलं नाही. पुढं करीन की नाही, तेही मला माहीत नाही. मी त्या घरात परत जाणार नाही, आणि तू, दौलतराव किंवा कुणीही मला न्यायला येऊ नये. शारदाच्या ओळखीच्या वकिलीणबाईंशी बोलणं झालंय. वेळ येईल तेव्हा त्या खोलीत तू काय पाहिलंस ते तुला कोर्टात सांगावं लागेल, त्याची तयारी ठेव.

इतकं सगळं असून मी तुला पत्र लिहिणार नव्हते. लिहायला लावलं अंबिकेनं. ती इथं आहे. वहिनींना ती मैत्रिणीकडे राहून ब्लाउज शिवून घेते असं सांगून निघालीय ना, ती काल शारदाला आणि मला कॉलेजच्या सायकल स्टँडपाशी भेटली आणि तशीच आमच्याबरोबर आली. मला बघून आधी म्हणाली, ‘ताई, तू देवासला होतीस ना?’ सासूबाईंनी तुला काय सांगितलं आणि तू काय म्हणालास, ते मला तिच्याकडूनच कळलं. मी तिला सगळं सांगितलं, कडी, बादली, कान, सगळं. ती सायकलींच्या मधे खाली बसली. रडली नाही. मग तिनं एकच विचारलं, ‘दादाला माहीत आहे?’ तोंडाशी हो आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, ‘नाही.’ ती लगेच उठली. म्हणाली, ‘मग मी आत्ताच घरी जाऊन सांगते. तो त्यांना सोडणार नाही.’ मी तिला जाऊ दिलं नाही. तिनं तुझ्या तोंडाकडे बघत हे सांगितलं असतं तर तुझा चेहरा तिला दिसला असता, आणि तिला समजलं असतं. म्हणून मी लिहिते म्हटलं. रविवारी साखरपुडा आहे, तिथं अंबिका नसेल. त्याआधी दौलतरावांच्या हॉलमध्ये उभं राहून, हे लग्न होणार नाही आणि का होणार नाही, ते तू स्वतः सांग, आणि या वेळी हसू नकोस. मग इकडे ये. शारदाच्या शाळेतले गुरुजी संध्याकाळी महूला जातात, हे पत्र त्यांच्या हाती देतेय. अंबिका आत्ता घरात नाही, नाक्यावर गेलीय. दुपारी महूचा टेम्पो येतो. मी तिला म्हटलं, अगं, अजून पत्रसुद्धा गेलेलं नाही. तर म्हणते, ‘माहीत आहे. पण दादाचा काय नेम, त्याला आपोआप कळेल आणि तो येईल.’ तिच्यापुढं उभा राहिलास की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते टेम्पोतच ठरवून ये.

रागावलेली, तरी तुझीच,
इंदू